एका चित्राचे किती देतात?

दिवाळीच्या तोंडावर नाशिकमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. भिंतीला टेकून पिकोचं मशीन, खाली सतरंजीवर फॉलच्या गुंडाळ्या, रंगीबेरंगी दोऱ्यांची रिळं, शेजारणींनी आणून टाकलेल्या साड्यांचा ढीग आणि त्या साऱ्याच्या मधोमध मान खाली घालून बसलेली आई. गेली सतरा वर्षं हे दृश्य बदललेलं नाही. बदलली ती लेक. मशीनच्या पायाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढणारी ती चिमुरडी आता ॲनिमेशनच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. २०२५ च्या पावसाळ्यात तिने कॉलेजातून एक कागद आणला आणि घरात वादाला तोंड फुटलं.

कागद होता अभ्याससहलीचा. आठ दिवस जपान. तिथल्या ॲनिमेशनपटांचं आणि व्हिडिओ गेमचं काम कसं चालतं ते प्रत्यक्ष पाहायचं. बावीस विद्यार्थी, दोन शिक्षक. खर्च दोन लाखांच्या घरात!

"जपानला जाऊन कार्टून बघायची?" पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या बाबांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला. "ती तर इथे टीव्हीवर दिवसभर चालू असतात."

"बाबा, तुम्ही लहानपणी रविवारी सकाळी मोगली बघायचात ना?" लेक म्हणाली. "ती मालिकासुद्धा जपानी होती."

बाबा गप्प झाले. १९९३ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या 'जंगल बुक'साठी त्यांनी आंघोळी बुडवल्या होत्या. गुलजारांचं शीर्षकगीत त्यांना आजही तोंडपाठ आहे. पण तो मोगली जपानमध्ये, १९८९ साली जन्मला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं! मग लेकीने दुसरा पत्ता टाकला. त्याच वर्षी जानेवारीत आजीला घेऊन सारे थिएटरात जो रामायणाचा ॲनिमेशनपट पाहून आले होते, तोही भारत आणि जपान यांनी मिळून केलेला होता. युगो साको या जपानी माणसाने तो ध्यास घेतला आणि आपल्याकडच्या राम मोहन यांनी दिग्दर्शनात हात दिला. नव्वदीच्या सुरुवातीला तयार झालेला तो चित्रपट इथल्या थिएटरांत सर्वत्र झळकायला २०२५ साल उजाडावं लागलं.

शेवटी बाबांनी मुदतठेव मोडली. आईने भिशीचा नंबर आधी मागून घेतला. मात्र निघण्याच्या आदल्या रात्री बॅग भरणाऱ्या लेकीला बाबांनी जवळ बोलावलं.

"बाळा, सगळं बघून ये, मजा कर. पण माझा एक प्रश्न तिथे कुणाला तरी विचारून ये. यात पोट भरतं का?"

मितकं बोलणारी रेघ

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. टोकियोत गिंकोची झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती. पहिलाच मुक्काम मितका या उपनगरात. तिथे इनोकाशिरा बागेच्या कडेला स्टुडिओ जिबलीचं संग्रहालय आहे. हायाओ मियाझाकी, इसाओ ताकाहाता आणि तोशिओ सुझुकी यांनी नावारूपाला आणलेला हा स्टुडिओ १९८५ सालचा. संग्रहालय उघडलं २००१ मध्ये. त्याच वर्षी आलेल्या मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ने पुढे, २००३ साली, ऑस्करही पटकावलं.

इथे आयत्या वेळी तिकीट मिळत नाही, आधी काढून ठेवावं लागतं. आत गेल्यावर फोटो काढायलाही मनाई! सुरुवातीला साऱ्या पोरांचे चेहरे उतरले. फोटो नाही तर मग मित्रमैत्रिणींना दाखवायचं काय? पण अर्ध्या तासात गंमत अशी झाली की, हातातले मोबाइल खिशात गेल्यामुळे सगळे खरोखर बघायला लागले.

एका दालनात गोल फिरणाऱ्या चकतीवर छोट्या छोट्या बाहुल्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक बाहुली आधीच्यापेक्षा जराशी वेगळी. चकती वेगाने फिरली, दिवा लुकलुकला आणि काय आश्चर्य! उभ्या बाहुल्या उड्या मारायला लागल्या, दोरीवरून नाचायला लागल्या. ॲनिमेशनचं सगळं गुपित त्या चकतीत आहे. काहीच हलत नसतं. हलतं ते आपल्या डोळ्यांना दिसतं.

वरच्या मजल्यावर चित्रपट कसा जन्मतो ते दाखवणाऱ्या खोल्या होत्या. भिंतभर चिकटवलेली रेखाटनं, रंगांच्या बाटल्या, पुस्तकांचे ढीग आणि वापरून वापरून अगदी बोटभर उरलेल्या पेन्सिली. त्या पेन्सिलींपाशी लेक बराच वेळ थांबली. आईच्या डब्यातही अशीच रिळं असतात, दोरा संपत आलेली. ती आई कधी टाकून देत नाही.

इथे प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला चित्रपटाच्या फिल्मचा एक खराखुरा तुकडा मिळतो. कुणाला कुठला येईल ते नशीब! कोचीहून शिकायला आलेल्या मित्राला नायिकेचा हसरा चेहरा मिळाला. तो वर्गभर मिरवत होता. लेकीच्या तुकड्यात तीन चौकटी होत्या आणि तिन्हींत फक्त गवत. ना माणूस, ना प्राणी. नुसता हिरवा उतार!

"तुझं नशीबच गवताळ!" सगळे हसले. तीही हसली, पण तुकडा तिने पासपोर्टच्या पानात नीट ठेवून दिला.

सुगिनामीतली ती बाई

टोकियोच्या पश्चिमेला सुगिनामी नावाचा भाग आहे. तिथे ॲनिमेशनचं काम करणारी लहानमोठी शंभराहून अधिक ठिकाणं आहेत. पण ती शोधायला गेलं तर सापडायची नाहीत! पाट्या झगमगत नाहीत. खाली किराणा दुकान, वर दोन मजले, जिन्यात सायकली. अशाच एका इमारतीत या मुलांना सकाळी दोन तास यायची परवानगी मिळाली होती. अट एकच. कुठल्या मालिकेचं काम चाललंय ते बाहेर बोलायचं नाही.

मुलांना वाटलं होतं, आत संगीत असेल, गप्पा असतील, भिंतींवर रंग असतील. आत होती शांतता. नुसता पेन्सिलीचा खरखर आवाज आणि मधूनच कागद फडफडवल्याचा. वीसेक माणसं पाठीला पाठ लावून बसलेली. काही जण पडद्यावर काढत होते, काही अजूनही कागदावर.

सोबत दुभाषी म्हणून आलेल्या ताई मूळच्या पुण्याच्या. तिथेच जपानी शिकल्या आणि पुढे टोकियोतच स्थायिक झाल्या. त्यांनी एकेक टप्पा समजावून सांगितला. आधी कथेची चित्रमय पटकथा. मग प्रत्येक दृश्याची मांडणी. त्यानंतर कसलेला चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढतो. समजा, मुलगी खिडकीकडे वळते आहे. वळण्याआधीचं एक चित्र, वळल्यानंतरचं एक. त्यांना जपानीत 'गेंगा' म्हणतात. पण त्या दोहोंच्या मधली चित्रं? ती 'दोउगा'. ती काढायला नव्याने लागलेली मुलं असतात. मियाझाकींसारख्यांनीही १९६३ साली तोएई कंपनीत सुरुवात केली ती हीच मधली चित्रं काढण्यापासून!

चित्रपट पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटींनी धावतो. पण प्रत्येक चौकटीला वेगळं चित्र काढायचं तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून टीव्हीसाठी बरेचदा एकच चित्र तीन चौकटी दाखवतात. म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. तरीही अर्ध्या तासाच्या एका भागाला साधारण तीन ते पाच हजार चित्रं लागतात!

खिडकीजवळच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मधली चित्रं तपासणं हे त्यांचं काम. तीस वर्षं त्या हेच करतात. एका हाताच्या बोटांत चार-पाच कागद अडकवून त्या ते झर्रकन उलटत, आणि कुठे रेघ थरथरली, कुठे केसांची बट चुकली ते त्यांना तत्काळ दिसत असे. त्यांनी मुलांपैकी कुणाला तरी करून बघायला बोलावलं. सरांनी लेकीला पुढे ढकललं.

खालून दिवा असलेल्या काचेवर एक चित्र, त्यावर दुसरं, त्यावर कोरा कागद. दोन्ही रेघांच्या बरोबर मधून तिसरी रेघ काढायची. ऐकायला किती सोपं! एका हाताचं ते साधं चित्र काढायला लेकीला पन्नास मिनिटं लागली. मान आखडली. बाईंनी कागद उलटून पाहिले आणि हसून काहीतरी म्हणाल्या.

"रेघ फार सुंदर आहे, म्हणतायत," ताईंनी सांगितलं. "पण ही तुझी रेघ आहे. इथे तुझी नकोय. आधीच्याने जी काढली, तीच पुढे न्यायचीय."

लेकीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीन वर्षं कॉलेजात तिला सांगत आले होते, स्वतःची रेघ शोधा. आणि इथे तीस वर्षं काम केलेली बाई सांगत होती, स्वतःची रेघ विसरा! क्षणभर ती खट्टू झाली. मग तिला आठवलं, आईने लावलेला फॉलही कधी कुणाला दिसत नाही. तो दिसू नये म्हणूनच तर आई इतकी जपून टाके घालते.

तेवढ्यात बाबांचा प्रश्न आठवला. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिने विचारूनच टाकलं.

"ताई, यांना विचाराल? एका चित्राचे किती देतात?"

सरांनी डोळे वटारले. परक्या देशात, परक्या घरी पैशाचं विचारणं! ताईही थोड्या घुटमळल्या. पण बाईंना राग आला नाही. पेन्सिल खाली ठेवून त्या सरळ बोलल्या.

या धंद्यात मधल्या चित्राचा दर साधारण २०० येन चालत आला आहे. आपले ११५ रुपये म्हणा. टोकियोत एका वेळचं साधं जेवण हजार येनला पडतं. म्हणजे पाच चित्रं झाली की एक जेवण! नवशिक्याला महिन्याकाठी चारशे चित्रं काढता काढता पुरेवाट होते. शहरात ताशी किमान वेतन १,२०० येनच्या वर गेलेलं असताना ही कमाई त्यात कुठेच बसत नाही. चित्रावर पैसे म्हणजे तासांचा हिशेबच नाही.

"मी टिकले, कारण माझे आईवडील टोकियोतच होते. भाडं नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझ्याबरोबर आठ जणी लागल्या होत्या. सात सोडून गेल्या. त्यातल्या दोघींचा हात माझ्यापेक्षा चांगला होता."

त्यांच्या स्टुडिओत आता नव्या मुलांना महिन्याचा पगार मिळतो, हेही त्यांनी सांगितलं. अशी ठिकाणं हळूहळू वाढत आहेत. कंत्राटावर काम करणाऱ्यांना लेखी अटी आणि वेळेवर पैसे मिळावेत म्हणून जपानमध्ये नोव्हेंबर २०२४ पासून कायदाही लागू झाला आहे.

मग पैसा जातो कुठे? परतताना गाडीत सरांनीच तो विषय काढला. जपानी ॲनिमेशनचा जगभरातला व्यवहार २०२३ साली ३ लाख कोटी येनच्या वर गेला होता. पण एखादी मालिका काढताना टीव्ही वाहिनी, प्रकाशक, खेळणी बनवणारे असे अनेक जण मिळून पैसा घालतात आणि हक्कही तेच वाटून घेतात. ज्या स्टुडिओने चित्रं काढली त्याला बहुधा ठरलेली रक्कम मिळते. मालिका गाजली तरी तेवढीच! अनेक अभ्यासक याचं मूळ थेट १९६३ सालापर्यंत नेतात. त्या वर्षी ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' मालिका सुरू झाली. दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणून त्यांनी कमी चित्रांत भागवण्याच्या युक्त्या काढल्या आणि वाहिनीला भागही स्वस्तात दिले. युक्त्यांनी जग जिंकलं. स्वस्ताई मात्र मागे चिकटून राहिली.

"माझ्यासारखंच की गं!"

रात्री दहा वाजता लेकीने घरी फोन लावला. नाशिकमध्ये साडेसहा झाले होते. मागे पिकोच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. दिवाळी सरली, तरी लग्नसराई उभी होती.

लेकीने सगळं सांगितलं. दोन चित्रांमधलं चित्र, मान मोडून बसलेली माणसं, २०० येन. मशीन थांबलं.

"एका चित्राला किती वेळ लागतो म्हणालीस?"

"हात बसला असेल तर अर्धा तास. अवघड असेल तर तास-दीड तास."

"आणि पैसे तेवढेच?"

"तेवढेच."

"म्हणजे माझ्यासारखंच की गं!" आई म्हणाली. साधी सुती असो की जरीची पैठणी, आई साडीमागे ९० रुपयेच घ्यायची. पैठणीला दुप्पट वेळ लागतो. पण ओळखीच्या बायका, मागायचं कसं?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आईने हळूच विचारलं, "तरी तुला तेच करायचंय?"

लेकीला उत्तर देता आलं नाही. बाबा बाजूला बसून ऐकत होते. त्यांनीही काही विचारलं नाही.

पत्त्यांच्या कारखान्यातला माणूस

सहाव्या दिवशी मंडळी शिंकान्सेनने क्योतोला गेली आणि तिथून जवळच्या उजी गावी. उजी चहासाठी प्रसिद्ध. तिथलं ब्योदोइन मंदिर जपानच्या दहा येनच्या नाण्यावर आहे. याच गावात निन्तेन्दो कंपनीचा जुना कारखाना होता. त्याचं संग्रहालय झालं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं.

मारिओ आज घराघरांत माहीत आहे. पण निन्तेन्दो ही कंपनी १८८९ सालची, आणि ती सुरू झाली फुलांची चित्रं असलेले 'हानाफुदा' पत्ते बनवण्यापासून! उजीच्या या कारखान्यातही पत्ते बनत. मुलं मोठमोठ्या पडद्यांवर खेळण्यात गुंग झाली. लेक मात्र काचेमागच्या एका साध्या खेळण्यापाशी थबकली. कात्रीसारख्या घड्यांचा, लांब होणारा एक प्लॅस्टिकचा हात.

त्या हाताची कथा ताईंनी सांगितली. गुनपेई योकोई नावाचा तरुण १९६५ साली कंपनीत लागला. काम होतं पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल. रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या गमतीसाठी असा हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. आता बोलणी बसणार, असं वाटत असताना अध्यक्ष म्हणाले, याचं खेळणं करा! १९६६ साली बाजारात आलेल्या त्या हाताचे दहा लाखांवर नग खपले.

पुढे याच योकोईंनी खिशात मावणारा 'गेम बॉय' आणला. १९८९ साली त्याचा पडदा साधा, बिनरंगी होता. इतर कंपन्या रंगीत पडदे आणत होत्या. पण योकोईंचं म्हणणं असं की, जुनं झालेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वेगळ्याच दिशेने उपयोग करावा. गेम बॉय स्वस्त पडला, बॅटरीवर कितीतरी वेळ चालला, आणि पुढच्या रंगीत आवृत्तीसह त्याचे ११ कोटींहून अधिक नग खपले.

जुन्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे तत्त्व कुणी शिकवायला नको! पण लेकीच्या मनात दुसरंच घोळत होतं. यंत्रांना तेल घालणाऱ्या माणसाकडे त्या अध्यक्षांचं लक्ष गेलं नसतं तर?

छत्तीस पक्षी

संध्याकाळ व्हायला आली होती. उजीचा पूल ओलांडून सारे पलीकडच्या बागेत आले. मुलांना वाटलं, चहा प्यायचा असेल. पण सरांनी त्यांना एका स्मारकासमोर उभं केलं. वर झेपावणारे पक्षी. एकूण छत्तीस.

उजीतच क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओचं मुख्य ठाणं आहे. क्योतो शहरातल्या त्याच्या एका इमारतीला १८ जुलै २०१९ रोजी एका माथेफिरूने आग लावली. छत्तीस कलावंत गेले. त्यांत तरुण मुली पुष्कळ होत्या. कुणी मधली चित्रं काढणाऱ्या, कुणी रंग भरणाऱ्या. जगभरातून लोकांनी ३०० कोटी येनहून अधिक मदत पाठवली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, उरलेल्यांनी हातातला चित्रपट पुरा करून लोकांसमोर आणला. हे स्मारक जुलै २०२४ मधलं.

मुलं मान खाली घालून उभी राहिली. वर्गभर मिरवणारा कोचीचा मित्र डोळे पुसत होता.

मग ताईंनी जे सांगितलं ते ऐकून लेक चमकली. हा स्टुडिओ काही मोठ्या भांडवलाने उभा राहिलेला नाही. योको हात्ता नावाच्या एक बाई तरुणपणी टोकियोत, तेझुकांच्या स्टुडिओत पारदर्शक तावांवर रंग भरण्याचं काम करत. लग्न होऊन त्या इकडे आल्या. १९८१ साली त्यांनी शेजारपाजारच्या गृहिणींना हाताशी धरून तेच रंग भरण्याचं काम सुरू केलं. दुसऱ्यांची चित्रं, दुसऱ्यांच्या मालिका, यांचे फक्त रंग. त्यातून हळूहळू कंपनी झाली, स्वतःचे चित्रपट झाले. आणि या कंपनीची जपानभर ओळख झाली ती दोन गोष्टींसाठी. एक, चित्रांचा दर्जा. दुसरी, इथल्या कलावंतांना चित्रामागे पैसे नव्हे, तर महिन्याचा पगार मिळतो. माणसं घरचीच घडवायची आणि घडलेली टिकवायची, हा इथला शिरस्ता. माणसं टिकली म्हणून दर्जा आला.

लेक त्या पक्ष्यांकडे पाहत राहिली. शेजारणींना जमवून घरगुती काम करणारी एक बाई! असं दृश्य तिने जन्मापासून पाहिलेलं होतं. फक्त त्याचं पुढे काही होऊ शकतं, हे मनात आलं नव्हतं.

खिडकीपाशी

परत आल्यावर बॅगेतून सगळ्यांसाठी काही ना काही निघालं. आजीला उजीचा चहा, बाबांना पेन. आजीने चहा कडू म्हणून बाजूला सारला. रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी विचारलं, "मग? माझ्या प्रश्नाचं काय?"

"भरतं, बाबा," लेक म्हणाली. "पण सगळीकडे नाही. कुठे आणि कुणाकडे काम करायचं, ते आधी विचारून घ्यावं लागतं. मी लाजत होते. आता मुलाखतीला गेले की कामाचे नमुने दाखवेन आणि पगारही विचारेन. चित्रावर पैसे देणार असतील तर किती, किती वेळाचे, ते लिहून घेईन. आणि दोन वर्षं मला मधलीच चित्रं काढायचीत. हात पक्का होईपर्यंत."

"आणि नाहीच परवडलं तर?"

"तर तुम्हाला सांगेन. लपवणार नाही."

बाबांनी मान हलवली. मुदतठेव मोडल्याचा हिशेब त्यांनी काढला नाही. कारकुनाला नेमकं उत्तर आवडतं, आणि हे उत्तर नेमकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने पासपोर्टमधला तो फिल्मचा तुकडा आईला दाखवला. "बघ, मला नुसतं गवत मिळालं. तिन्ही चौकटी सारख्याच."

आईने तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला. सुईत दोरा ओवताना धरते तसा, एक डोळा बारीक करून. बराच वेळ पाहिला.

"सारख्या कुठे आहेत?" ती म्हणाली. "पहिल्या दोन सारख्या. तिसऱ्यात हे डावीकडचं पातं बघ, जरासं वाकलंय. वारा सुटलाय वाटतं."

लेकीने पुन्हा पाहिलं. खरंच होतं. आठ दिवस तो तुकडा तिच्याजवळ होता, साऱ्या वर्गाने हाताळला होता, पण कुणालाच ते दिसलं नव्हतं. कुणीतरी, कधीतरी, मान मोडून ते एक पातं वाकवलं होतं.

आईने तुकडा परत दिला आणि मशीनवरचं कापड काढलं. आज दाराशी एक नवीन पुठ्ठा लटकत होता. अक्षर लेकीचं, सुबक. 'साधी साडी, फॉल-पिको १२० रुपये. पैठणी व जरीची साडी, २०० रुपये.'

पहिली शेजारीण आली, तिने पाटी वाचली, भुवया उंचावल्या. आईचं काळीज धडधडलं. पण तिने मान खाली घातली नाही.

"पैठणीला दुप्पट वेळ लागतो हो, वहिनी," ती म्हणाली.

शेजारणीने पैठणी मशीनशेजारी ठेवली. "शनिवारपर्यंत मिळेल ना?" असं विचारलं, आणि पुढची साडी आणायला घरी गेली.